साठ दिवस आधी मांडलेलं पान

"ताई, नोव्हेंबरात माझे सासूसासरे सांगलीहून पहिल्यांदाच अमेरिकेत येतायत. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. २२ ते २७ डिसेंबर असं सहाजणांचं फ्लोरिडातलं डिस्ने वर्ल्ड ठरलंय, हॉटेलही डिस्नेचंच घेतलंय. मुलगा १० वर्षांचा, मुलगी ६ वर्षांची. सासऱ्यांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे, दुपारी एक म्हणजे एकला पान लागतं. सासूबाई शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, आणि मार्गशीर्षातले गुरुवार करतात. मैत्रिणीने तिचं एक्सेल पाठवलंय, पाच दिवसांत चौदा रिझर्व्हेशनं! नवरा म्हणतो, जेवणाचं कसलं बुकिंग, भूक लागेल तिथे खाऊ. सासऱ्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, 'जेवायला दोन महिने आधी अर्ज करायचा?' मुलीला किल्ल्यात सिंड्रेलाच्या घरी जेवायचंय. मी कुणाचं ऐकू?
एक सूनबाई, एडिसन"

प्रिय सूनबाई,

सासऱ्यांचं ऐका. म्हणजे त्यांच्या टोमण्याचं नव्हे, त्यांच्या एक वाजताच्या पानाचं. या सगळ्या घोळात न हलणारी गोष्ट तेवढी एकच आहे, बाकी सगळं हलवता येतं.

तुमच्या यजमानांचा मुद्दा मला कळतो. आपण लोक जेवणाचं बुकिंग लग्नाच्या हॉलसाठी करतो, घरच्या चार माणसांसाठी नाही. एरवी फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी ते म्हणतात तसं चाललंही असतं. पण नाताळचा आठवडा हा तिथला आषाढी एकादशीचा पंढरपूर समजा. दर्शन होईल, पण बारी सोडून नाही. बसून जेवायच्या हॉटेलांत त्या दिवसांत दुपारी एकला सहाजण दारात उभे राहिलात, तर पोरगं नम्रपणे हसेल आणि काही मिळणार नाही म्हणेल. दहा वर्षांच्या मुलाला तोवर पॉपकॉर्न देता येतं. इन्सुलिनवरच्या माणसाचं काय करणार?

मैत्रिणीचं एक्सेल मात्र बाजूला ठेवा. चौदा जेवणं बांधली म्हणजे चौदा वेळा घड्याळाकडे बघत धावणं आलं. हे मी स्वतःच्या पापातून सांगते. आईवडिलांना घेऊन मी अशाच एका मोठ्या पार्कात गेले होते आणि हौसेने एका दिवसात तीन ठिकाणी टेबलं घेतली होती. सकाळी भरपेट नाश्ता, साडेबाराला पुन्हा पंगत, आणि रात्री साडेआठला तिसरी. साडेआठपर्यंत आतषबाजीला जाणारा लोंढा रस्त्यात आडवा, बाबांचे पाय सुजलेले, आणि पोचलो तेव्हा धाकटी टेबलावर डोकं ठेवून गाढ झोपलेली. त्या जेवणाचे पैसे भरले आणि डबे बांधून घेतले. चूक कुणाची नव्हती, माझ्या यादीची होती. तेव्हापासून माझा हिशोब असा, की दिवसाला जास्तीत जास्त एक जेवण बांधायचं. एखादा दिवस कोरा राहिला तर उत्तमच.

आता तारखा. डिस्ने वर्ल्डमध्ये बसून जेवायच्या जागा ६० दिवस आधी उघडतात. (पूर्वी १८० दिवस होतं. तेव्हा तुमच्या सासऱ्यांनी काय म्हटलं असतं कोण जाणे!) तुम्ही त्यांच्याच हॉटेलात उतरताय, म्हणून तुम्हाला एक सवलत आहे. हॉटेलात शिरायच्या तारखेपासून ६० दिवस मागे मोजायचं आणि त्या एकाच दिवशी पुढच्या सगळ्या मुक्कामाची, १० दिवसांपर्यंतची, टेबलं घेता येतात. बाहेर उतरणाऱ्यांना रोज सकाळी उठून एकेका दिवसाचं करावं लागतं. तुमचा मुक्काम २२ डिसेंबरला सुरू होतो, म्हणजे तुमची तारीख २३ ऑक्टोबर, शुक्रवार. यंदा तो दसरा आणि कोजागिरीच्या मधला आठवडा आहे, लक्षात राहील. पहाटे सहाच्या सुमाराला ऑनलाइन सुरू होतं. पावणेसहालाच डिस्नेचं ॲप उघडून, कार्डाचा नंबर आधी भरून, चहा हाताशी घेऊन बसा.

तुमच्याकडे सहा वाजतात तेव्हा सांगलीत दुपारचे साडेतीन. सासूबाई नेमक्या त्याच वेळी चहा टाकून तुम्हाला फोन करतील. तेव्हा घेऊ नका. त्यांना काय चालतं, काय चालत नाही, हे त्याच्या आदल्या रविवारी निवांत विचारून ठेवा.

आणि त्या सकाळी पहिलं बोट २३ डिसेंबरवर ठेवू नका, शेवटाकडून सुरुवात करा. तुमच्या आधी दोन-तीन दिवस हॉटेलात शिरणाऱ्यांनी २३ आणि २४ची चांगली टेबलं आधीच उचललेली असतात, कारण त्यांनाही हीच सवलत आहे. २६ तारखेपर्यंत त्यांच्यातले बरेच जण घरी परतलेले असतात. म्हणून जे मिळायला सगळ्यात अवघड, ते २६ला.

सगळ्यात अवघड म्हणजे तुमच्या लेकीचा किल्ला. मॅजिक किंगडम या त्यांच्या पार्कातल्या त्या किल्ल्याच्या आत 'सिंड्रेलाज रॉयल टेबल' हे जेवायचं ठिकाण आहे. जागा थोडी, मागणी प्रचंड, आणि दर असा की सासऱ्यांनी मनातल्या मनात रुपयांत गुणाकार केला तर त्यांना घास गिळवणार नाही. दहा वर्षांच्या मुलालाही तिथे मोठ्या माणसाचा दर लागतो, मुलांचा दर ३ ते ९ वर्षांसाठीच असतो. सहाजणांचं टेबल मिळायचं तर नशीबच हवं. शिवाय खरं सांगा, त्या किल्ल्यात सहाजणांना जायचंय का? जायचंय एकीला. मग तुम्ही आणि ती, दोघींचंच टेबल बघा. दोघींना जागा सहाजणांपेक्षा पुष्कळ लवकर सापडते, आणि खर्च तिसऱ्या हिश्श्यावर येतो.

बाकीचे चौघे त्याच वेळी 'क्रिस्टल पॅलेस'मध्ये. किल्ल्यासमोरच्या चौकाच्या एका अंगाला काचेच्या छपराची ती पांढरी इमारत आहे, किल्ल्यापासून चालत दोन-तीन मिनिटं. तिथे बुफे असतो, आणि विनी द पू आणि त्याचे दोस्त टेबलाटेबलाशी येऊन हात मिळवतात. मुलाला त्या दोस्तांतल्या वाघोबाबरोबर फोटो मिळेल (नाही म्हणेल, पण काढेल). सासूबाईंसाठी बुफेच बरा, कारण पदार्थ डोळ्यांसमोर असतो. इंग्रजी मेनूकार्डातल्या शब्दावर विश्वास ठेवून मागवलेलं सूप आणि समोर मांडलेली भाजी यांत फरक आहे. दोन्ही टेबलं पावणेएकच्या आसपास मिळाली तर सासऱ्यांचं एकचं पानही साधलं. चौघांचं मिळालं नाही तर दोन-दोनची दोन बघा, एक तुमच्या खात्यावरून, एक यजमानांच्या. शेजारी-शेजारी बसवतीलच असं नाही, पण दारातल्या मुलीला गोडीत सांगून बघायला हरकत नाही.

घरातल्या सगळ्यांनी प्रत्येक घास एका टेबलाशी घ्यायचा, हा आपल्याकडचा आग्रह सहलीत फार महागात पडतो. तुम्ही लेकीबरोबर एक तास राजवाड्यात बसलात म्हणून सासूबाई रागावणार नाहीत. रागावल्या तर मला पुन्हा लिहा.

२३ तारखेला ॲनिमल किंगडम, म्हणजे त्यांचं प्राण्यांचं पार्क, ठेवा. सफारीची गाडी सकाळी लवकर गाठा, जनावरं तेव्हा हिंडताना दिसतात आणि म्हाताऱ्या माणसांना ऊनही लागत नाही. तिथून अगदी जवळ डिस्नेचंच ॲनिमल किंगडम लॉज आहे आणि त्याच्या किदानी व्हिलेज या भागात 'सनाआ' नावाचं हॉटेल. हे मी तुमच्या सासूबाईंसाठी राखून ठेवलंय. आफ्रिकी आणि भारतीय अशी मिसळलेली चव आहे, आणि त्यांची ब्रेड सर्व्हिस म्हणजे गरम नान, कुलचे वगैरे आणि त्याबरोबर वाट्यांमध्ये नऊ प्रकारची तोंडीलावणी. चटण्या, रायतं, लोणच्याच्या जातीचं काही. आपल्या माणसांना पान डावी-उजवीकडून भरलेलं दिसलं की जीव भांड्यात पडतो, तसं होतं ते. मोठ्या खिडक्यांबाहेर जिराफ आणि झेब्रे चरत असतात. जेवण दुपारचंच घ्या. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि अंधारात जिराफ कसला दिसायचा! या जागेला पार्कचं तिकीट लागत नाही. जेवून परत पार्कात जायची सक्तीही नाही, खोलीवर जाऊन दोन तास आडवे व्हा.

२४ला गुरुवार आहे, मार्गशीर्षातलाच. त्या दिवशी सासूबाईंच्या नावाने कुठलंही टेबल घेऊ नका. घट मांडता येणार नाही याची त्यांना मुळात हळहळ असणार. त्यातून समोर आपण सगळे ताटं घेऊन बसलो आणि त्या पाणी पीत बसल्या, हे चित्र बरं नाही. पार्कात बाहेरचं खाणं न्यायला परवानगी आहे, हे पुष्कळांना माहीतच नसतं. गरम करावं लागणार नाही असं हवं, काचेची बाटली-बरणी नको, दारू नको, आणि पेटी अवाढव्य नको. एवढं पाळलं की डबा आत जातो. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, केळी. साबुदाण्याची खिचडी नेऊ नका, गार झाली की दाताखाली खडे. संध्याकाळी उपास सुटायचा असतो गोडाधोडाने, म्हणून त्या दिवशी लवकर परता. निघतानाच तुमच्या एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांतून पुरणपोळ्या घेऊन ठेवा, हॉटेलच्या खोलीत छोटा फ्रिज असतो, आणि हॉटेलच्या खालच्या फूड कोर्टात मायक्रोवेव्ह मिळतो. तुपाची डबी प्लास्टिकची घ्या. खोलीत फोनवर देवीचा फोटो ठेवून कहाणी वाचली तर देवी समजून घेईल, तिला फ्लोरिडाचे नियम माहीत असणार. वरणभातही हवाच असेल तर ऑर्लँडोतल्या इंटरनॅशनल ड्राइव्ह या रस्त्याच्या बाजूला भारतीय हॉटेलं आहेत. पण नाताळची आदली संध्याकाळ आहे, आधी फोन करून उघडं आहे का विचारा. खोलीत राइस कुकर मात्र लावू नका, धुराची घंटा वाजली तर अख्खा मजला पायजम्यात खाली येईल.

२५ची रात्र 'बोमा'साठी बघा. तेही त्याच लॉजमध्ये, जाम्बो हाउस या भागात, आफ्रिकी पद्धतीचा बुफे, मसूर-चणे-भाज्या भरपूर. मिळालं तर छान, नाही मिळालं तर जीव जाळू नका. दिवसा कुठलं पार्क करता ते तुम्ही ठरवा. नाताळच्या दिवशी मी सकाळ पोहण्यात घालवीन आणि दुपारनंतर बाहेर पडेन, पण तुमचा मुलगा मला मत देणार नाही.

म्हणजे झाली किती? तीन जेवणं, चार बुकिंगं. बाकी सगळं काउंटरवरचं, आणि ते ॲपवरून मागवायचं. यात एक खुबी आहे. सकाळी साडेदहालाच ॲपमध्ये पावणेएकची वेळ धरून ऑर्डर टाकून ठेवता येते. दुपारी बारानंतर त्या वेळाही संपत जातात आणि दोनची मिळते. त्या ठिकाणी पोचलात की 'आलोय' असं दाबायचं, मग ते बनवायला घेतात. ॲनिमल किंगडममध्ये 'सातुली कँटीन' आहे, तिथे टोफू घालून भात किंवा भाज्यांची वाडगी मिळते, आपल्याला आपली वाटेल अशी. काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट मिळतं. बाटली विकत घेऊ नका.

सासूबाईंच्या पानाबद्दल एवढंच. मेनूवर झाडाच्या हिरव्या पानाचं चिन्ह असेल तर त्यात मांस-मासे तर नाहीतच, दूध, अंडं, मधसुद्धा नाही. म्हणजे त्यांच्यासाठी ते पूर्ण निर्धास्त, फक्त चीजही गेलं. चिन्ह नसलेल्या 'व्हेजिटेरियन' पदार्थात अंडं असू शकतं, आणि भाजीच्या सुपात कोंबडीचं पाणी. बुकिंग करतानाच खाण्याचं पथ्य लिहायला जागा असते, तिथे स्पष्ट लिहा, अंडं नको म्हणून वेगळं लिहा, आणि टेबलावर बसल्यावर पुन्हा तोंडी सांगा. बसून जेवायच्या ठिकाणी बरेचदा शेफ स्वतः येऊन विचारतो. लाजू नका, त्यांना रोजचं आहे.

सासऱ्यांच्या बाबतीत मी डॉक्टर नाही, पण हे त्यांच्या डॉक्टरांना सांगलीतच विचारून या: दिवसाला आठ-दहा मैल चालणं झालं तर डोस तोच ठेवायचा का, आणि प्रवासातल्या वेळेच्या फरकाचं काय. एक नियम मी मात्र घरात पाळलाय. जेवणाआधीची सुई पान समोर आल्यावर, रांगेत असताना नाही. टेबल बुक केलं म्हणजे पोचल्या पोचल्या बसवतील असं नसतं, दहा-वीस मिनिटं थांबावं लागतं. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या, पिशवीत बिस्किटं. औषधं आत न्यायला काही अडचण नाही.

पैशांचं. बुकिंगला कार्ड लागतं. जायचं नसेल तर साधारण दोन तास आधीपर्यंत रद्द करता येतं, त्यानंतर किंवा गेलाच नाहीत तर माणशी १० डॉलर कापतात, सहाजणांचे ६०. म्हणजे आदल्या रात्री प्लॅन बदलला तर निर्धास्त रद्द करा. तुमच्यासारखेच इतरही करतात, म्हणून आदल्या रात्री आणि त्याच सकाळी सुटलेली टेबलं ॲपवर दिसायला लागतात. ऑक्टोबरात बोमा हुकलं तर २४च्या रात्री खोलीवर पडल्या पडल्या बघत राहा, यजमानांना हेच काम द्या. त्यांना ऐनवेळचं आवडतं ना? सहा किंवा जास्त माणसांच्या बिलात १८ टक्के टिप आपोआप लागते, तेव्हा कागद नीट वाचा, नाहीतर भिडेपोटी पुन्हा टिप लिहाल.

बिल तुम्ही किंवा यजमानांनी टेबलापासून दूर जाऊन चुकतं करा. बुफेला संध्याकाळी मोठ्या माणसाचे पन्नास डॉलरांच्या वर सहज होतात, आणि माझ्या बाबांनी तो आकडा पाहिल्यावर पुढचे दोन दिवस फक्त केळी खाल्ली होती. विचारलंच तर पॅकेजमध्ये आहे म्हणा. हे खोटं मी माझ्या हिशोबात धरते.

आणि 'अर्ज' या शब्दाचं काय करायचं? त्यांना फोनवर बुकिंग, रिझर्व्हेशन काही म्हणू नका. म्हणा, "बाबा, तुमचं एकचं पान मांडून ठेवलंय, रोजचं." एका कार्डावर मराठीत मोठ्या अक्षरांत पाच दिवस लिहा: तारीख, जागा, वेळ. ते कार्ड त्यांच्या शर्टाच्या खिशात द्या आणि सगळ्यांना वेळेवर पोचवायची जबाबदारीही त्यांच्यावरच टाका. मग पावणेएकला किल्ल्यासमोर उभं राहून तुमच्या नवऱ्याला हाका कोण मारतं ते बघा.

तुमची,
ताई